आई १०७, मी ७०!

रिपोर्टवरचा एक आकडा वाचून मी मनातल्या मनात सुटलो होतो. मग एका रात्री लॅपटॉपवर एक्सेल उघडलं...

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना, ऑफिसचं वार्षिक हेल्थ चेकअप. तुमच्याकडेही होत असणार. उपाशीपोटी यायचं, कॉन्फरन्स रूमबाहेर रांगेत उभं राहायचं, रक्त द्यायचं आणि मग कंपनीच्या खर्चाने सँडविच खायचं. आठवड्याभरात मेलवर पीडीएफ येते. त्यातली काळी अक्षरं आपण वाचत नाही, लाल तेवढी वाचतो.

मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे. तेव्हा वय २९, वजन ८४ आणि त्यातलं बरंचसं जिममध्ये घाम गाळून कमावलेलं. सकाळी व्हे प्रोटीन, संध्याकाळी क्रिएटिनची पावडर, रविवारी मटण. मित्रांमध्ये 'फिट' म्हणून फुशारकी मारणारा मी! आणि पीडीएफमध्ये किडनीच्या रकान्यात चक्क लाल अक्षरं. क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर ७०. शेजारी शेरा : 'कमी'.

एरवी मी पीडीएफ बंद करून चहाला गेलो असतो. पण त्या वर्षी आमच्या घरात 'किडनी' हा शब्द रोज उच्चारला जात होता.

माझं गाव येडशी. जिल्हा धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंतचा उस्मानाबाद. पुण्याहून टेंभुर्णी, बार्शी करत जावं की सोलापूर-धुळे हायवेला आमचं गाव लागतं. रामलिंगचं देऊळ आणि अभयारण्य यामुळे कुणी कुणी नाव ऐकलेलं असतं. दादा तिथे शेती बघतो. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा त्याने कॉलेज सोडलं, म्हणून मी इंजिनिअर झालो. हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी बोलत नाही. पण ते असतं.

दादाला कित्येक वर्षं बीपी होतं आणि कुणाला पत्ताच नव्हता. डोकं दुखलं की बाम, फारच दुखलं की मेडिकलमधली एखादी गोळी. पाय सुजले तेव्हा सोलापूरला नेलं. दोन्ही किडन्या संपत आलेल्या. जानेवारीपासून आठवड्याला दोनदा डायलिसिस. पहाटे निघायचं, रात्री परत यायचं. वहिनी सोबत, पोरं शेजाऱ्यांकडे आणि रानातली कामं वाऱ्यावर.

प्रत्यारोपण हाच मार्ग होता. १९९४च्या कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक किडनी देऊ शकतात : आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं. वहिनीचा रक्तगट जुळला नाही. उरलो आई आणि मी.

हुश्श!

जूनमध्ये पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये आमच्या प्राथमिक तपासण्या झाल्या. आई ५४ वर्षांची. उंची चार फूट दहा इंच, वजन ४२ किलो. माळकरी, त्यामुळे मटण-अंडं सोडाच, कांदा-लसूणही एकादशीला वर्ज्य. तिचं क्रिएटिनिन ०.६ आणि ईजीएफआर १०७. माझं पुन्हा तेच. १.४ आणि ७०.

तिथल्या मुलीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाली, "आईंचं उत्तम आहे. तुमचं मात्र जरा बघायला लागेल."

कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसून मी चेहरा गंभीर केला. आईने पाठीवरून हात फिरवला. "तू नको काळजी करू. मी हाय की."

आता खरं सांगतो. हे मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितलंय. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. मला हुश्श वाटलं! पोटावर व्रण नको, तीन महिने जिम बंद नको, लग्नाच्या बाजारात 'मुलाला एकच किडनी आहे' ही चर्चा नको. मी नाही म्हणालो नव्हतो. आकड्याने माझ्यासाठी नाही म्हटलं होतं. यापेक्षा सोयीचं काय असू शकतं?

पण हा आकडा येतो कुठून?

मी टेस्टर. 'सिस्टिम सांगते म्हणून खरं' हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप लॉगकडे जातो. आठवडाभर मी तो हात आवरला. शेवटी एका रात्री झोप येईना, तेव्हा लॅपटॉप उघडला.

पहिली गंमत अशी की ईजीएफआरमधला 'ई' म्हणजे एस्टिमेट. अंदाज! निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत शोषून घेतात. ऑफिसातले २० लिटरचे नऊ कॅन डोळ्यांसमोर आणा. हा गाळण्याचा वेग म्हणजे जीएफआर. तो नेमका मोजायचा तर शरीरात एखादा पदार्थ सोडून तो किती वेळात बाहेर पडतो हे बघावं लागतं. होमर स्मिथ या अमेरिकन संशोधकाने १९३०च्या दशकात इन्युलिन नावाचा वनस्पतींत सापडणारा पदार्थ त्यासाठी वापरात आणला आणि आजही तोच अस्सल मापदंड मानतात. पण हे खटाटोपाचं काम. म्हणून रोजच्या वापरात रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं आणि वय, लिंग वगैरे घालून फॉर्म्युल्याने अंदाज काढायचा.

क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंमधून रोज बाहेर पडणारा कचरा. किडनी तो साफ करते. म्हणजे रस्त्यावर कचरा किती पडलाय ते बघून झाडूवाला किती काम करतो हे ठरवायचं. कल्पना बरी आहे. पण त्या गल्लीत कचरा टाकणारी माणसं किती, हे माहीत नसेल तर? दंडात बेडक्या फुगवणारा, वर क्रिएटिनची पावडर आणि मटण खाणारा माणूस जास्त कचरा करणार. त्याचा झाडूवाला कितीही कामसू असो, रस्ता घाण दिसणार. उलट ४२ किलोची, शाकाहारी, हाडाची काडं झालेली बाई कचराच करत नाही. तिचा झाडूवाला अर्धा दिवस झोपला तरी रस्ता लख्ख!

मी खुर्चीत ताठ बसलो.

मग फॉर्म्युले शोधले. त्यातला एक जुना आणि प्रसिद्ध कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचा, १९७६चा, कॅनडातला. २४९ रुग्णांवरून काढलेला आणि ते जवळपास सगळे पुरुष. बायकांसाठी उत्तराला ०.८५ने गुणा, असं त्यांनी ढोबळ ठरवलं. १९९९मध्ये एमडीआरडी आला, तो १६२८ लोकांवरून. पण त्या सगळ्यांच्या किडन्या आधीच आजारी होत्या, त्यामुळे निरोगी माणसाला तो हमखास कमी मार्क देतो. म्हणूनच अनेक लॅब वर्षानुवर्षं नेमका आकडा न छापता '६०पेक्षा जास्त' एवढंच छापत. २००९मध्ये सीकेडी-ईपीआय आला. त्यात निरोगी माणसंही घेतली होती. २०२१मध्ये तो सुधारला आणि त्यातला वंशाचा गुणक काढून टाकला. माझा आणि आईचा आकडा याच नव्या फॉर्म्युल्याचा.

आणि या फॉर्म्युल्याची अचूकता किती? शंभरातल्या साधारण ८५ जणांचा अंदाज खऱ्या आकड्याच्या ३० टक्के अलीकडे-पलीकडे येतो. म्हणजे खरा जीएफआर ९० असेल तर रिपोर्टवर ६३ आला काय किंवा ११७ आला काय, फॉर्म्युला 'पास'च. आणि उरलेले १५ जण याहूनही लांब! आमच्या कंपनीत असं सॉफ्टवेअर क्लायंटला दिलं तर पगारवाढ विसरा.

एक्सेलमध्ये तीन रकाने केले. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट तुम्ही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही करू शकाल. १४०मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. माझं : १११ गुणिले ८४, भागिले १००.८. उत्तर साधारण ९२.

आईचं : ८६ गुणिले ४२, भागिले ४३.२, गुणिले ०.८५. उत्तर ७१.

मी परत केलं. पुन्हा ९२ आणि ७१. नव्या फॉर्म्युल्याने आई १०७, मी ७०. जुन्याने मी ९२, आई ७१. एमडीआरडीने तर मला ६०वर आणून आजाराच्या उंबरठ्यावर उभं केलं. रक्त तेच, माणसं तीच. फक्त फॉर्म्युला बदलला की घरातला दाता बदलत होता.

जुना फॉर्म्युला बरोबर, असं नव्हे. तो वजनाने गुणतो, म्हणून जाड माणसाला उगाच जास्त देतो. पण 'आकड्याने ठरवलं' ही माझी पळवाट त्या रात्री बंद झाली.

मी लॅपटॉप बंद केला. आणि पुढचे आठ दिवस कुणाला काही बोललो नाही.

रामलिंगच्या पायऱ्यांवर

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी गावी गेलो. आईला रामलिंगला जायचं होतं. श्रावणात तिथे माणसांचा पूर लोटतो. घाटाच्या कुशीतलं देऊळ, पायऱ्या उतरून खाली ओढा आणि आजूबाजूला हिरवंगार रान. रावणाशी लढताना जटायू इथेच पडला, अशी आमच्याकडची कथा. लहानपणापासून ऐकलेली. पंख कापले गेले तरी आडवा आला तो पक्षी. त्या दिवशी ती कथा आठवून मला जरा चोरट्यासारखं झालं.

दर्शन झालं. एका माकडाने आईच्या पिशवीतला नारळ पळवला. आई हसली, मी नाही.

"कामून गप बसलास? किडनी मी देणार हाय न्हवं? मग तू कामून तोंड पाडायलास?"

मग मी सगळं सांगितलं. पायरीवर बसून, मोबाइलवर एक्सेल दाखवत. स्नायू, कचरा, झाडूवाला. आणि शेवटी आठ दिवस गप्प बसल्याचंही.

आई बराच वेळ ओढ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आकडा काय बी येऊ दे. द्यायची ती मीच देणार. तुझं लगीन व्हायचंय अजून."

म्हणजे बघा. मी ज्या कारणासाठी गुपचूप सुटका करून घेत होतो, तेच कारण ती माझ्यासाठी उघडपणे मांडत होती. मला भडभडून आलं. "आधी नीट मोजू तरी," एवढंच म्हणालो.

दादा तर ऐकूनच घेईना. रात्री अंगणात बाजेवर पडून तो म्हणाला, "तुझी नको मला. आईचीबी नको खरं तर." मग बराच वेळाने, "पण मोजून घ्या. मोजायला काय जातंय?"

मोजलेला आकडा

नेफ्रॉलॉजिस्ट मॅडमना मी एक्सेल दाखवलं. वाटलं होतं, 'इंटरनेटवर वाचून डॉक्टर झालात का' म्हणतील. त्या हसल्या. "बरोबर शंका आहे. दात्याची किडनी आम्ही नुसत्या अंदाजावर घेतच नाही. आईंची मोजणी होणारच होती. तुमची मात्र झाली नसती."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हे फॉर्म्युले मुख्यतः पाश्चात्त्य लोकांवरून बांधलेले. जपानने २००९मध्ये स्वतःचा वेगळा केला, कारण तिथल्या माणसांना ते बसत नव्हते. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००५मध्ये निरोगी किडनीदात्यांचा जीएफआर मोजला, तर सरासरी ८१.४ निघाली. पुस्तकात मात्र शंभर-सव्वाशे! २०१८मध्ये चंदीगडच्या पीजीआयच्या डॉक्टरांनी इन्युलिन वापरून तपासलं आणि निष्कर्ष काढला की क्रिएटिनिनवरचे हे फॉर्म्युले भारतीयांचा जीएफआर फुगवून सांगतात. आपले स्नायू कमी, आहारात मांस कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी. "तुमची आई म्हणजे या निष्कर्षाचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण," मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याच्या बरोबर उलटे."

मला सांगितलं, पावडर आणि मटण महिनाभर बंद. क्रिएटिन शरीरात गेलं की त्याचंच क्रिएटिनिन होतं आणि शिजवलेल्या मटणातूनही ते थेट येतं. महिन्याने माझं क्रिएटिनिन १.२ आलं, ईजीएफआर ८४. एक रुपयाचं औषध न घेता माझी किडनी १४ मार्कांनी 'सुधारली'! मग सिस्टॅटिन सी नावाची आणखी एक रक्ततपासणी केली. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं आणि दोन्ही मिळून काढलेला अंदाज एकट्या क्रिएटिनिनपेक्षा भरवशाचा असतो. त्यात मी ९४ आणि आई ८२.

शेवटी खरी मोजणी. डीटीपीए नावाचा पदार्थ, त्याला किंचित किरणोत्सर्गी टेक्निशियम जोडलेलं. शिरेतून टोचतात आणि ठरावीक तासांनी रक्त घेऊन तो किती उरला ते मोजतात. नुसता कॅमेऱ्याने फोटो काढूनही आकडा काढतात, पण तोही अंदाजच, असं मॅडमचं मत. म्हणून आमचं रक्त घेऊन केलं. आई आणि मी दिवसभर तिथे बसलो. आईने डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. हॉस्पिटलच्या बागेत खाल्ले.

मी ९८. आई ७६.

आई आजारी नाही, हे मॅडमनी तिला तीनदा सांगितलं. वयाप्रमाणे जीएफआर कमी होतोच आणि या वयाच्या, या चणीच्या बाईला ७६ ठीकच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दात्याला ९०च्या वर बिनधास्त हो, ६०च्या खाली नाही आणि मधल्यांचा विचार प्रत्येकाचं बघून. "तुम्ही आला नसतात तर ७६वर आम्ही कदाचित आईंचीच घेतली असती," त्या मला म्हणाल्या. मग लगेच दुसरी बाजूही मांडली. तरुण दात्याला एका किडनीवर अजून ५० वर्षं काढायची असतात. पुढे बीपी, शुगर झालं तर राखीव साठा कमी. "म्हणून आकड्याने ठरवू नका. आकडा समजून घ्या आणि मग तुम्ही ठरवा."

या वेळी माझ्याकडे पळवाट नव्हती. आणि गंमत म्हणजे, ती नसल्यावर ठरवणं सोपं गेलं.

डिसेंबरमध्ये ऑपरेशन झालं. माझं आणि दादाचं, शेजारशेजारच्या थिएटरमध्ये. आईने आठ दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. मग नवव्या दिवशी भाकरी चुरून दूध घातलं आणि भरवायला बसली. २९ वर्षांच्या घोड्याला!

पुन्हा मार्च

दादा आता सोलापूरला जात नाही. आयुष्यभराच्या गोळ्या आहेत, दर महिन्याला तपासणी आहे, पण रानात जातो. मी जिम पुन्हा सुरू केलीये, पावडर सोडलीये.

यंदाच्या मार्चमध्ये ऑफिसचं चेकअप झालं. पीडीएफ आली. क्रिएटिनिन १.५, ईजीएफआर ६३, दोन्ही लाल. यंदाचा 'कमी' मात्र खरा आहे. एक किडनी दिली की गाळण्याचा वेग लगेच निम्मा होतो, मग उरलेली जोर लावून बरीचशी कसर भरून काढते. मॅडमनी दरवर्षी बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितलंय. ते मी चुकवत नाही.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये टीममधला एक जण फोन घेऊन आला. वय २६, दंड माझ्यापेक्षा मोठे, चेहरा पांढराफटक. "भाऊ, माझा ईजीएफआर ७२ आलाय. संपलो का मी?"

मी त्याला विचारलं, पावडर घेतोस? काल रात्री काय खाल्लंस? मग म्हटलं, घाबरू नकोस आणि दुर्लक्षही करू नकोस. पावडर थांबव, महिन्याने परत कर. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी कर, कारण खरी बिघडलेली किडनी बऱ्याचदा तिथे आधी चुगली करते. आकडा तीन महिन्यांनंतरही ६०च्या खाली असेल किंवा अल्ब्युमिन जात असेल, तर त्याला आजार म्हणतात. आणि बीपी मोजून घे. तुझंही आणि घरच्यांचंही.

"घरच्यांचं कशाला?"

"गावी कोण असतं तुझ्या?"

"आई-पप्पा. आणि मोठा भाऊ."

"त्याचं आधी मोज," मी म्हटलं.